क्लार्कची रजा

आबांनी दाढी केली की डाव्या कानाखाली साबणाचा एक ठिपका राहून जायचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. उजवीकडे कधीच नाही. सुरुवातीला तो ओला असायचा, मग कडेकडेने सुकत आत यायचा, आणि मी पोळ्या आटपून, डबा भरून ओसरीवर येईपर्यंत त्याची पांढरी पापडी झालेली असायची. पुसायला हात पुढे केलेला आबांना खपत नसे. "वर्दीला हात लावायचा न्हाई," म्हणायचे. अंगात वर्दी नसायची, जुनी बंडी असायची. पण त्यांच्या लेखी ते वर्दीत होते, म्हणून मी ठिपका तसाच राहू द्यायची आणि त्यांच्या उजव्या हाताला ताठ उभी राहायची.

त्या शुक्रवारीही उभी राहिले.

"पेश कर," आबा म्हणाले.

"आज तीन अर्ज आहेत, साहेब."

"बोल."

"शिपाई मारुती साळुंखे. घरी भाताची कापणी आलीय."

"भाऊ हायत का?"

"दोघं आहेत साहेब. दोघंही मुंबईला."

"मंजूर. फुडं."

"नायक दत्तू खामकर. बायको बाळंत व्हायची आहे."

"पहिलटकरीण?"

"होय साहेब."

"मंजूर. ह्येला आधी सोड, साळुंख्या मागनं जाईल. भात चार दिस थांबतं, पोर थांबत न्हाई."

हे वाक्य ऐकायला आई हवी होती, असं मला दर वेळी वाटायचं.

"तिसरा?"

"शिपाई बाबू चिकणे. आई वारली, साहेब."

आबांनी डोळे बारीक केले. आरामखुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवली. "ह्येची आई दिवाळीच्या आधीच वारली की."

माझी भंबेरी उडाली. दिवाळीच्या आधी एका अर्जात मी खरंच चिकण्याच्या आईला मारलं होतं. सकाळी मुलीचं नाव विसरणारा माणूस दिवाळीआधीची, मुळात नसलेली म्हातारी लक्षात ठेवील असं मला वाटलं नव्हतं.

"सावत्र होती, साहेब. ही दुसरी."

"किती आया हायत ह्या गड्याला?" आबा गरजले. "बोलव त्येला माझ्यापुढं. ज्येचं कारन त्येच्याच तोंडानं ऐकायचं असतं. आन तू बी जरा बगून लिवत जा. क्लार्क हायस का कोन?"

क्लार्क म्हणजे मी. हेमलता गणपतराव घोरपडे, एम.एस्सी., सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, आबांची एकुलती एक मुलगी.

आबा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. कंपनीतल्या जवानांच्या रजेवर वर्षानुवर्षं पहिला शब्द त्यांचा असे. आई गेल्यावर त्यांच्या आठवणी एकेक करून मागे सरकू लागल्या. आधी कालचा दिवस गेला, मग गेलं वर्ष, मग साताऱ्यातलं हे घर, मग मी. उरली ती कंपनी. ती मात्र शाबूत होती, बूट-पट्ट्यासकट.

एकदा सकाळी मी कामाला निघाले तर आबा फाटकात काठी आडवी धरून उभे. "पास दाखव. रजेबिगर लाईन सोडायची न्हाई." माझ्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात डबा. बस चौकात येऊन थांबलेली दिसत होती. मी विनवण्या केल्या, रडकुंडीला आले, आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, "साहेब, कंपनीचे रजेचे अर्ज हेडक्वार्टरला पोचवायचेत."

काठी लगेच बाजूला झाली. "मग थांबलास कशापायी? पोरं वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कुणाकुणाचे अर्ज आहेत? तेव्हापासून मी रोज पोळ्या लाटताना अर्ज रचायची. कुणाचं घर पडलेलं, कुणाची म्हैस मेलेली, कुणाच्या बहिणीचं लग्न. प्रयोगशाळेत ज्या हाताने एका थेंबाचीही चूक होऊ दिली नाही, त्याच हाताने पीठ मळताना मी रोज धादांत खोटं बोलायची तयारी करायची. आबांसमोर उभी राहिले की "आलो साहेब, जातो साहेब" असं पुरुषासारखंच तोंडात यायचं. आणि खरं सांगायचं तर ती दहा मिनिटं मला आवडायची. तेवढ्या वेळात आबा हुशार असत, न्यायी असत, कधी मिश्कीलही असत. त्यानंतर दिवसभर ते फक्त म्हातारे असायचे.

"झाली का कचेरी?" ताराक्का फाटकातून आत आल्या. शेजारच्याच. मी कामावर असताना त्या आबांपाशी बसायच्या. येताना निवडायला काहीतरी घेऊन यायच्या, त्या दिवशी पावटे होते.

"झाली. आज चिकण्याची आई दोनदा मेली."

"मरू दे. त्यो तुझा चष्मेवाला सायब कवा जाणार?"

"रविवारी."

"मग?"

"मग काय?"

"मग काय म्हणती!" ताराक्कांनी सूप जमिनीवर आपटलं. "दोन वरसं झाली त्या मानसाला इचारून. हा न्हाई, हू न्हाई. तुझ्या तोंडाला कुलूप हाय का गं? का किल्ली माझ्याकडं ठिवलीयास?"

"ताराक्का, माझी बस जाईल."

"जा जा. बस बरी सापडती तुला."

चष्मेवाला साहेब म्हणजे वानखडे. प्रभाकर वानखडे, भूवैज्ञानिक, मूळचे अकोल्याचे. गावोगावच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांत भरून ते आमच्या प्रयोगशाळेत आणायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी बाटल्या मांडता मांडता त्यांनी मला विचारलं होतं, आपण लग्न करायचं का? मी चाळिशीकडे झुकले होते, ते त्रेचाळीसचे. मी म्हणाले होते, "बघू." नंतर त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही मी तेच म्हणाले. मला ते आवडत नव्हते असं नाही. एखाद्या आठवड्यात ते फिरतीवर असले की शेल्फावरच्या रिकाम्या बाटल्यांकडे माझं उगाच लक्ष जायचं. पण आबांना सोडून मी जाऊ शकत नव्हते, आणि आबांना घेऊन जाता येईल असं मला वाटत नव्हतं.

आता त्यांची बदली चंद्रपूरला झाली होती. ते म्हणाले होते, "एक करा. लांबची रजा काढा. आबांना घेऊन महिनाभर तिकडे या. त्यांना मानवतं का पहा. मग ठरवा." मी म्हणाले होते, रजा शिल्लक आहे का ते विचारते. हा माझा स्वभावच. उत्तर द्यायची वेळ आली की मी नियम विचारायला जाते.

त्यामुळे शुक्रवारी ऑफिसात गेल्यावर मी आधी आस्थापना शाखेत मोकाशीबाईंच्या टेबलाशी गेले. सगळ्यांच्या रजा त्यांच्याकडे असायच्या. बाई स्वेटर विणत होत्या. मला पाहून सुया खाली ठेवल्या, म्हणजे माझ्याबद्दल आदरच होता.

"माझी अर्जित रजा किती आहे?"

"अर्जित? अहो, ती तुमच्या आईच्या आजारपणात संपली. नंतर साठली ती आबांच्या पायी गेली. आता आहे चिमूटभर, पोह्यांवर घालायलासुद्धा पुरायची नाही."

"अर्धवेतनी?"

"ती आहे बरीच. डॉक्टरचा दाखला आणलात तर परिवर्तित करून पूर्ण पगारी करता येते. पण दाखला तुमच्या आजाराचा हवा, आबांच्या नाही. तुम्ही आजारी कुठे पडता?"

"पडत नाही."

"तेच तर. पडा की कधीतरी, माणसासारख्या."

"वडिलांना सांभाळण्यासाठी अशी वेगळी काही रजा नसते का?"

मोकाशीबाई बोटांवर मोजू लागल्या. "बाळंतपणाला आहे. नसबंदीला आहे. डोंगर चढायला गेलात तर आहे. प्रादेशिक सेनेत भरती झालात तर तिकडच्या शिबिराला आहे. पिसाळलेला कुत्रा चावला तर इंजेक्शनं घेईपर्यंत विशेष रजा आहे, तीही पगारी. म्हाताऱ्या बापासाठी वेगळी अशी नाही. सरकारला वाटतं, ते घरोघरी आपोआप होत असतं." मग हळूच हसल्या. "तुम्ही आबांनाच का मागत नाही? ते आमच्या साहेबांपेक्षा दिलदार आहेत म्हणे."

आबांच्या कंपनीची गोष्ट मी त्यांना एकदा डबा खाताना सांगितली होती.

"बरं, एक करू," त्या म्हणाल्या. "अर्धवेतनी घ्या, खाजगी कामासाठी. दाखला लागत नाही. अर्ज मी लिहून देते, सही तुमची. कारण काय घालू?"

मी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"कारण हो. काहीतरी घालावं लागतं."

"घरगुती."

"घरगुती काय? घरात तुम्ही आणि आबा. आबांना बरं नाही का?"

"आहेत तसे आहेत."

"मग?"

मोकाशीबाई माझ्याकडे बघत होत्या. खिडकीतून उन्हाची एक तिरीप त्यांच्या लोकरीच्या गुंड्यावर पडली होती, आणि मी त्या गुंड्याकडे बघत होते. कारण मला ठाऊक होतं. दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण ते मी अजून स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"बघू," मी म्हणाले.

"तुमचं हे 'बघू' ना!" मोकाशीबाईंनी सुया उचलल्या. "मंत्रालयात शोभलं असतं."

दुपारी वानखडे आले. शेवटच्या फेरीतल्या बाटल्या घेऊन. मी एका नमुन्यातल्या पाण्याचा जडपणा मोजत होते. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंचुपात्रातला वाइनसारखा लाल रंग निळा होण्याची वाट पाहायची. एका थेंबाने तो बदलतो. तोपर्यंत काही बदलतंय असं वाटतच नाही.

"ठेवू इथे?"

"ठेवा."

त्यांनी बाटल्या एका ओळीत ठेवल्या, लेबलं माझ्याकडे येतील अशी फिरवून. हे ते नेहमी करायचे. बाकी कुणी करत नसे.

"विचारलं रजेचं?"

"विचारलं. अर्धवेतनी मिळेल."

"मग घेतली?"

"कारण लिहावं लागतं."

ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले. "मी वाट पाहून राहिलो, ते काही उपकार नाहीत तुमच्यावर. मला दुसरीकडे जायचंच नव्हतं. पण आता रविवारी गाडीत बसणार. नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल, बाप्पा. फक्त तोंडानं म्हणा. तुमचं 'नाही' मी बाटलीत भरून, लेबल लावून ठेवीन. हे 'बघू' कशात भरायचं ते मले समजत नाही."

"प्रश्न तुमचा नाही. आबांचा आहे. ती ओसरी, ती खुर्ची, ते फाटक, तेवढंच त्यांना कळतं. जागा बदलली तर घाबरतील ते."

"हे तुम्ही तपासून पाहिलं?"

"काय?"

"घाबरतात का ते. विचारून राहिलो. तुम्ही तपासल्याशिवाय पाण्याला गोडं म्हणत नाही." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. "सुभेदार माणूस आहे तो. सगळी उमर पेटी बांधून हिंडला. पलटण आज इथे, उद्या तिथे. तुम्ही त्यांना झाड समजून राहिल्या."

 नळीची तोटी माझ्या बोटांत सुटीच राहिली होती. खाली बघितलं तर पात्रात गडद निळं झालेलं. किती थेंब जास्त पडले कोण जाणे. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मी पात्र मोरीत रिकामं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वानखडे उठले.

"उद्या सकाळी येतो. आबांच्या पाया पडून जाईन."

महिन्यातला दुसरा शनिवार होता. ऑफिसला सुटी, पण आबांच्या कंपनीला शनिवार नसायचा. दाढी झाली, ठिपका राहिला, आबा खुर्चीत बसले. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले. त्या सकाळी मी एकही अर्ज रचला नव्हता. पीठ मळताना काही सुचलंच नव्हतं.

"पेश कर."

"आज अर्ज नाही, साहेब."

"न्हाई? एवढ्या मोठ्या कंपनीत येकाला बी घरची आठवन न्हाई?"

तेवढ्यात फाटक वाजलं. वानखडे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. माझी सुटी असूनही ताराक्का ओसरीत येऊन कालचे उरलेले पावटे सोलत होत्या. त्यांनी पदर सावरला आणि पुढचं काही चुकू नये म्हणून सूप बाजूला सारलं.

"कोन हाय?" आबांनी विचारलं.

वानखडे पायरीखाली थबकले. रोजची हकिगत त्यांना माझ्याकडून माहीत होती. त्यांनी पुड्याचा हात मागे घेतला, टाचा जुळवल्या. "वानखडे, साहेब."

"काम काय तुजं?"

"जमीन पाहतो साहेब. पाणी कुठं लागेल ते सांगतो."

"चांगलं काम हाय. पान्याबिगर पलटन हालत न्हाई. रजा पायजे?"

"रजा नको साहेब. बदली झालीय. निरोप घ्यायला आलो."

"कुठं?"

"चंद्रपूर."

"लांब हाय. पानी कसं हाय तिथलं?"

"काही गावांत फ्लोराइड जास्त आहे, साहेब."

"उकळून पी," आबा म्हणाले.

उकळून फ्लोराइड जात नाही. मी बोलले नाही. वानखडेंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेही बोलले नाहीत.

"होय साहेब. उकळून पिईन."

"फ्यामिली बरूबर नेतोस?"

"फॅमिली अजून नाही."

"येवढा बाप्या झालास आन लगीन न्हाई?"

"अर्ज केला आहे, साहेब. मंजुरी आली नाही."

"कवा केलायस?"

"दोन वर्षं होतील."

आबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "दोन वर्सं? माझ्या कंपनीत? कुनाकडं अडाकलाय अर्ज?"

वानखडे बुटांकडे बघू लागले. ताराक्कांनी तोंडाला पदर लावला.

"मी इचारतोय, कुनाकडं?"

"क्लार्ककडे आहे, साहेब," ते हळूच म्हणाले. "पण त्यांची चूक नाही. त्यांच्यावर कामाचा बोजा फार आहे."

आबा वळले. सावकाश, सगळं अंग वळवून माझ्याकडे वळले. त्या सकाळी त्यांना माझा चेहरा नेमका कुणाचा दिसत होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"क्लार्क."

"साहेब."

"खरं हाय ह्ये?"

"होय साहेब."

"अर्जावर मंजूर लिवायचं, न्हाईतर नामंजूर लिवायचं. दाबून ठिवायचा न्हाई. मानूस तिकडं बंदूक घिऊन हुबा ऱ्हातो आन त्येचं ध्यान सगळं पोस्टाच्या पिशवीकडं असतं. ठावं न्हाई तुला?"

"ठाऊक आहे, साहेब."

"मग का दाबलास?"

  आबा माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तू किती दिस हायस ह्या कंपनीत?"

"बरेच, साहेब."

"तुज्या रजेवर मी कवा सही केली?"

"नाही केली साहेब. मी मागितली नाही."

"सगळ्यांच्या रजा लिवतोस. सोताची का न्हाई मागितलीस?"

"वाटलं," मी म्हणाले, "मी गेलो तर इथलं कसं होईल."

आबा एकाएकी हसले. खूप दिवसांनी हसले. वरच्या दोन दातांमधली फट दिसली.

"मला बी आसंच वाटायचं," ते म्हणाले. "बायकूची पहिली येळ हुती. रजेचा नंबर माजा हुता. म्या दुसऱ्या गड्याला दिली. का? तर म्हनलं, मी गेलो तर कंपनीचं कसं हुईल. काय झालं कंपनीला? कंपनी हाय तितंच हाय." त्यांनी फाटकाकडे, रस्त्याकडे, समोरच्या चिंचेकडे हात केला, जणू कंपनी तिथे उभी होती. "पोरगी झाली तवा मी न्हवतो. घरी गेलो तवा ती रांगत हुती. उचलाया गेलो तर रडाय लागली. वळखंना. आयशीच्या मागं जाऊन लपली."

आईने ही गोष्ट मला अनेकदा सांगितली होती, दर वेळी कुणावर तरी रागावून. आबांच्या तोंडून मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"नंतर ओळखायला लागली असेल," मी म्हणाले.

"लागली की. मग सोडंना." आबांची नजर माझ्या चेहऱ्यावर काही क्षण स्थिरावली, आणि पुन्हा कुठेतरी दूर गेली. "पर त्यो पहिला दिस गेला त्यो गेलाच. कुनीबी परत देत न्हाई."

ताराक्का नाक ओढत होत्या. वानखडे पायरीखाली उभेच होते, पेढ्यांचा पुडा पाठीमागे धरून.

"साहेब, मी येऊ?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला थकवा येईल." हे ते मला सोडवण्यासाठी म्हणाले होते. मला ते कळलं. ते नेहमीच मला सोडवत आले होते.

"थांब!" आबा म्हणाले. "तुजा निकाल लागल्याबिगर हालायचं न्हाई. आन तू रं क्लार्क, तुला काय मागायचं आसंल तर माग. पर तितं बाजूला हुबं ऱ्हाऊन न्हाई. समूर यायचं. कारन तोंडानं सांगायचं."

रोज मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहत होते. समोर कधी गेले नव्हते. समोरची जागा मी रचलेल्या माणसांची होती, साळुंख्याची, खामकराची, चिकण्याची. मी दोन पायऱ्या उतरले. वानखडेंनी सरकून जागा दिली. खाली उभं राहिल्यावर आबा वेगळेच दिसत होते. कानाखालचा पांढरा ठिपका, विरलेली बंडी, दांड्यावर ठेवलेले दोन मोठे हात. त्यांनी पाठ ताठ केली, आणि बंडीला नसलेलं गळ्याचं बटण लावलं.

"बोल."

"रजा पाहिजे, साहेब."

"कारन?"

मोकाशीबाईंचा कालचा प्रश्नही हाच होता. चिंचेत कुठेतरी एक साळुंकी ओरडत होती. मी तिचं ओरडणं संपू दिलं.

"लग्न आहे."

"कुनाचं?"

"माझं, आबा," मी म्हणाले. "या वानखडेंशी. आणि पेटी तुम्हीही बांधायचीय. तुम्ही आमच्याबरोबर येताय."